दूरदेशचें विद्यार्जन आणि कै. चिंतामणराव देशमुख

महाडाहून रायगडाकडे जाणारी वाट कोंझर व पाचाड गांठण्यापूर्वीं नाते गांवावरून जाते. गडाच्या ओढीनें निघालेले लोक या गांवीं क्वचित् थांबतात, आणि त्यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याच्या डोळ्यांपुढें रायगड उभा आहे, त्यास वाटेवरचीं घरें कशीं दिसावीं? परंतु रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री, आणि पुढें देशांतील यच्चयावत् विश्वविद्यालयांस पैसा वांटून देणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं याच नाते गांवीं झाला, ही गोष्ट महाडच्या पेठेंत रोज नोटा मोजणाऱ्या किती व्यापाऱ्यांस ठाऊक असेल, याविषयीं आम्हांस शंका आहे. ज्यांच्या सहीच्या नोटा या देशांत एके काळीं सर्वत्र खेळत होत्या, तो गृहस्थ आपल्याच तालुक्यांतला होता.

आज त्यांचें स्मरण करण्यास जयंतीचें अगर पुण्यतिथीचें निमित्त नाहीं. निमित्त निराळें आहे. परीक्षांचे निकाल लागले कीं महाड व पोलादपूर या तालुक्यांतील घराघरांतून एकच खल सुरू होतो: मुलास बाहेर पाठवावें कीं न पाठवावें? पुण्यामुंबईस पाठविणें आतां कोणास जड वाटत नाहीं. पण परप्रांतांतील अगर परदेशांतील महाविद्यालयाचें नांव निघालें कीं आईचा जीव धास्तावतो आणि बाप कागदपत्रांची पेटी उघडतो. आमच्या वकिलीच्या धंद्यामुळें या दुसऱ्या गोष्टीचा आम्हांस चांगला परिचय आहे. जमीन गहाण टाकून मुलाची फी भरावी काय, असा सल्ला विचारण्यास येणारे पक्षकार दर वर्षीं येतात, आणि त्यांस द्यावयाचें उत्तर कायद्याच्या कोणत्याही पुस्तकांत आम्हांस सांपडलेलें नाहीं. चिंतामणरावांच्या चरित्रांत तें थोडेंबहुत सांपडतें, म्हणून तें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

चिंतामणरावांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. घराणें चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचें, लेखणी व कारभार यांची परंपरा असलेलें. मातुःश्री भागीरथीबाई धर्मनिष्ठ. रोह्याशींही या कुटुंबाचा निकटचा संबंध होता. त्या काळीं या मुलुखास कुलाबा जिल्हा म्हणत. रायगड हें नांव त्यास १९८१ सालीं मिळालें. आगगाडी नव्हती. महाडाहून मुंबई गांठावयाची म्हणजे सावित्रीच्या खाडीनें बाणकोटाकडे उतरावें व आगबोट धरावी. पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे तीही सोय बंद. अशा गांवच्या मुलास मुंबई हाच पहिला परदेश. घरची भाकरी सुटणें, परक्याच्या ओसरीवर अंथरूण पसरणें, आपल्या बोलण्याचा हेल ऐकून वर्गांतल्यांनीं हंसणें हे भोग त्याच्या वांट्यास बोटीवर चढण्याच्या पुष्कळच आधीं येत. विलायतेस गेलेल्यांचीं चरित्रें लिहिणारे बहुधा बंदरापासून आरंभ करितात. पण आम्हांस वाटतें कीं परदेशगमन खाडीच्या कांठींच सुरू होतें.

१९१२ सालीं चिंतामणराव मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिक परीक्षेस बसले, आणि पहिले आले. संस्कृतांतील पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तिही त्यांनींच मिळविली. येथें आमच्या व्यापारी वाचकांनीं क्षणभर थांबावें. नाना शंकरशेट (१८०३ ते १८६५) हे मूळचे मुरबाडकडील, आणि धंद्यानें व्यापारी. मुंबईंत शाळा, वाचनालयें, आगगाडी, वैद्यक महाविद्यालय अशा कितीएक उपक्रमांत त्यांचा हात होता. परंतु सामान्य मराठी घरांत त्यांचें नांव आजपर्यंत जिवंत राहिलें तें या शिष्यवृत्तीमुळें. शंभर वर्षांवर लोटलीं तरी संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या मुलामुलीच्या नांवापुढें त्यांचें नांव छापून येत असे व येतें. त्यांच्या पेढीच्या खतावण्या आज कोण उघडून पाहतो?

आतां विलायतेचा प्रश्न. हा हुशार मुलगा तिकडे गेला कशासाठीं? उत्तर साधें आहे आणि तें त्या काळच्या राज्यकर्त्यांस भूषणावह नाहीं. हिंदुस्थानचा कारभार ज्या सिव्हिल सर्व्हिसच्या हातीं होता, तिची परीक्षा लंडनांतच होत असे. कायद्यानें दरवाजा सर्वांस खुला. फक्त तो दरवाजा सात समुद्रांपलीकडे बांधलेला! सत्येंद्रनाथ टागोर हे १८६३ सालीं ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी. त्यानंतर दुसरे व तिसरे येऊं लागतांच, १८७० नंतरच्या दशकांत, उमेदवारांची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणण्यांत आली. म्हणजे मिसरूड फुटण्यापूर्वींच मुलानें घर सोडावें, परभाषेंतून परक्या विषयांचा अभ्यास करावा, व तेथल्या मुलांशीं टक्कर द्यावी. पुढें ती मर्यादा पुन्हा वाढविण्यांत आली खरी. १८९३ सालीं दादाभाई नौरोजी पार्लमेंटांत असतां, परीक्षा इंग्लंडांत व हिंदुस्थानांत एकाच वेळीं घेण्यांत यावी असा ठराव हाउस ऑफ कॉमन्सनें संमतही केला. ठराव संमत झाला, आणि कपाटांत गेला. हिंदुस्थान सरकारनें त्यास विरोध केला. आणि या देशाच्या भूमीवर, अलाहाबादेस, पहिली परीक्षा झाली ती १९२२ सालीं. मधलीं एकोणतीस वर्षें कितीएक बुद्धिमान् मुलांची उमेद बोटीच्या भाड्यापायीं घरच्या उंबऱ्यांत मेली, याची मोजदाद कोणत्याही निळ्या पुस्तकांत नाहीं.

तेव्हां चिंतामणरावांचें यश गातांना आम्हांस हें विसरतां येत नाहीं, कीं त्यांच्या पाठीशीं वकील बापाचें घर होतें. बुद्धि त्यांची स्वतःची, याविषयीं वाद नाहीं. पण त्याच कुलाबा जिल्ह्यांत नांगरामागें चालणाऱ्या एखाद्या मुलाच्या डोक्यांत तसलीच बुद्धि असती, तरी त्याची मजल बाणकोटच्या बंदरापुढें गेली नसती. सुधारणेचा खरा मुद्दा येथें आहे, आणि तो आम्ही पुढें पुन्हा घेणार आहों.

१९१५ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं, ते इंग्लंडास गेले. काळ महायुद्धाचा. एडन, सुवेझ, भूमध्य समुद्र हा नित्याचा मार्ग पाणबुड्यांच्या भीतीनें धोक्याचा झाला होता. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबर रोजीं मुंबईकडे येणारी पर्शिया नांवाची आगबोट क्रीट बेटानजीक बुडविण्यांत आली व तीनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. अशा दिवसांत ज्याचा मुलगा विलायतेस आहे त्या घरीं टपालवाल्याची वाट कशी पाहत असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. पत्र जाण्यास तीन आठवडे, उत्तर येण्यास तीन आठवडे. मुलगा आजारी पडल्याचें कळेपर्यंत तो बरा झालेला असावयाचा, अगर नसावयाचा. शिवाय समुद्र ओलांडण्याविषयींचा जुना निषेध तोंपर्यंत बोथट झाला होता तरी पुरता गेला नव्हता. मुलगा परत आल्यावर त्यास पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, हा वाद ज्यांनीं आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकला असेल असे वाचक अद्याप असतील.

केंब्रिजमधील जीझस कॉलेजांत त्यांचें नांव दाखल झालें. इंग्रज तरुण रणांगणावर गेल्यामुळें तेथील महाविद्यालयें तेव्हां अर्धींअधिक ओस पडलीं होतीं. परक्या विद्यार्थ्यास एकटेपणा एरवींही असतोच. येथें गांवच एकटें झालें होतें. त्यांत हिंदी विद्यार्थ्यांची स्थिति मोठी चमत्कारिक असे. वर्गांत शिक्षक न्यायानें वागत, वाचनालय सर्वांस सारखें उघडें असे. पण राहण्याची खोली, जेवणाचें टेबल, कवाइतीची पलटण, असा कोठें तरी रंगाचा प्रश्न निघावयाचाच. हिंदी विद्यार्थ्यांच्या तक्रारी इतक्या सांचल्या कीं १९२१ सालीं लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखालीं त्यांची चौकशी करण्यास एक समिति नेमावी लागली. तथापि केवळ विलायतेस दोष देऊन आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. आम्ही स्वतः कायद्याचा अभ्यास करण्यास मुंबईस गेलों, तेव्हां खोली पाहण्यास एका चाळींत गेलों असतां मालकानें भाड्याआधीं जात विचारली, आणि आमच्या सोबतच्या मित्राचें उत्तर ऐकून खोली एकाएकीं दिलेली निघाली. त्या मालकानें समुद्र कधीं ओलांडला नव्हता.

चिंतामणरावांनीं केंब्रिजांत विषय कोणते घेतले? वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. सह्याद्रीच्या पायथ्याशीं, जांभ्या मातीच्या व साग-ऐनाच्या मुलुखांत जन्मलेल्या मुलानें हे विषय निवडावे यांत आम्हांस एक प्रकारची संगति दिसते. पण ही आमची कल्पना, पुरावा नव्हे. १९१७ सालीं ते पदवीधर झाले व वनस्पतिशास्त्रांतील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांस मिळालें. पुढील वर्षीं ते सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस बसले आणि यादींत पहिले आले. मॅट्रिकला मुंबईस पहिला, तोच लंडनासही पहिला. राज्यकर्त्यांच्या भाषेंत, राज्यकर्त्यांच्या राजधानींत, त्यांनींच घालून दिलेल्या कसोटीवर! हिंदी माणूस कारभारास अपात्र आहे, असें सांगणाऱ्यांच्या कैफियतींतला एक मुद्दा त्या यादीनें निकालांत काढला.

याच वर्षांत आमच्या कोंकणाशीं नातें असलेला दुसरा एक विद्यार्थी परदेशीं होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे, म्हणजे महाडापासून फार दूर नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विश्वविद्यालयांत गेले व १९१६ सालीं लंडनास आले. शिष्यवृत्तीची मुदत संपतांच १९१७ सालीं त्यांस अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. त्यांचें सामान व पुस्तकें ज्या बोटीवर होतीं ती पाणबुडीनें बुडविली. आणि बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर त्या शहरांत या विद्वानास राहण्यास जागा मिळेना. न्यूयॉर्कांत मिळाली, लंडनांत मिळाली, बडोद्यांत नाहीं! पुढें स्वतःची बचत, शाहू महाराजांचें साहाय्य व एका पारशी मित्राचें कर्ज यांच्या बळावर ते १९२० सालीं पुन्हा लंडनास गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध पुरा करून आले. मागाहून, १९२७ सालीं, महाडच्याच चवदार तळ्यावर त्यांस काय करावें लागलें, तें येथील वाचकांस सांगावयास नको. दोन विद्यार्थी, एकाच सुमारास परदेशीं. एकास परत येतांच जिल्ह्याचा कारभार मिळाला, दुसऱ्यास खोली मिळाली नाहीं. बुद्धींत अंतर नव्हतें. ज्या रिझर्व्ह बँकेचे चिंतामणराव पुढें गव्हर्नर झाले, तिची शिफारस करणाऱ्या हिल्टन यंग कमिशनपुढें आंबेडकरांनीं साक्ष दिली होती, हीही गोष्ट येथें नमूद करणें योग्य होईल.

चिंतामणराव परीक्षा उत्तीर्ण झाले त्याच सुमारास लोकमान्य टिळक खटल्याच्या कामासाठीं लंडनास आले होते. सरकारी नोकरी धरावी कीं देशकार्यांत पडावें, असा संभ्रम पडल्यानें चिंतामणरावांनीं लोकमान्यांची भेट घेतली, आणि आधीं कारभाराचा अनुभव घ्या, स्वराज्य आल्यावर त्याचा उपयोग होईल, अशा आशयाचा सल्ला त्यांस मिळाला, असें सांगण्यांत येतें. याच्या उलट उदाहरण सुभाषचंद्र बोस यांचें. तेही केंब्रिजचेच; १९२० सालीं चौथे आले आणि १९२१ सालीं त्यांनीं ती सनद परत केली. आमचा जीव, खरें सांगावयाचें तर, सुभाषबाबूंकडे ओढ घेतो. पण चिंतामणरावांच्या पुढील आयुष्याकडे पाहतां, त्यांनीं निवडलेल्या मार्गास केवळ चाकरी म्हणणें अन्यायाचें होईल.

मध्यप्रांत व वऱ्हाडांत त्यांनीं सुमारें वीस वर्षें काम केलें. जमाबंदी, जिल्ह्याचा कारभार, मग प्रांताच्या तिजोरीचें खातें. १९३१ सालच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या चिटणीस मंडळांत ते होते, आणि महात्मा गांधींस त्यांनीं तेथें जवळून पाहिलें. या वर्षांविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं. कारभाराचीं वर्षें कामकऱ्यास लांब आणि वाचकास आखूड वाटतात. १९३९ सालीं ते रिझर्व्ह बँकेंत आले, १९४१ सालीं डेप्युटी गव्हर्नर झाले, आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजीं गव्हर्नर. बंगालच्या दुष्काळाचा व युद्धाच्या महागाईचा तो काळ होता. पुढच्या वर्षीं जुलैंत अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें जगाच्या चलनाची व कर्जाची नवी व्यवस्था ठरली, त्या परिषदेंत हिंदुस्थानच्या मंडळांत षण्मुखम् चेट्टी व श्रॉफ यांच्यासमवेत चिंतामणराव बसले. देश पारतंत्र्यांत, तरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधींत त्याचा हिस्सा ४० कोटी डॉलर ठरला. युद्धांत हिंदुस्थानानें इंग्लंडास पुरविलेल्या मालामुळें तेथें आपली सुमारें १३० कोटी पौंडांची बाकी सांचली होती. ऋणको सत्ताधारी आणि धनको ताबेदार! असली बाकी वसूल करणें किती कठीण, हें आमच्या व्यापारी मित्रांस आम्हांपेक्षां अधिक कळतें. त्या वाटाघाटींतही चिंतामणरावांचा भाग होता.

फाळणी झाली, तरी ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानच्याही चलनाचा कारभार रिझर्व्ह बँकेकडेच होता, आणि दोन्ही देशांत रक्त वाहत असतां बँकेची मालमत्ता नियमानें वांटून देण्याचें काम त्यांनीं केलें. १ जानेवारी १९४९ रोजीं बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. त्याच वर्षीं ते निवृत्त झाले, आणि त्याच वर्षीं त्यांच्या इंग्रज पत्नी रोझिनाबाई वारल्या.

१९५० सालीं ते अर्थमंत्री झाले, व पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत आपल्या कुलाबा जिल्ह्यांतूनच लोकसभेवर निवडून गेले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक १९५५ सालीं झाली ती त्यांच्या कारकीर्दींत. १९ जानेवारी १९५६ रोजीं वटहुकूम निघून आयुर्विम्याचा धंदा सरकारनें हातीं घेतला. देशी, विदेशी व भविष्यनिर्वाह मिळून २४५ संस्थांचा कारभार त्यांत आला. हें सर्व होत असतां मुंबईच्या प्रश्नानें पेट घेतला. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळें काढून केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा निर्णय त्याच महिन्यांत जाहीर झाला, लोक रस्त्यांवर आले, आणि गोळीबारांत माणसें मेलीं. चिंतामणरावांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. जुलैंत तो मंजूर झाल्यावर लोकसभेंत निवेदन करतांना त्यांनीं पंतप्रधानांच्या निर्णय घेण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला व गोळीबाराच्या चौकशीची मागणी केली. वाचकांस गंमत वाटेल: पंडित नेहरूही केंब्रिजचे, आणि त्यांनींही तेथें हेच तीन विषय, म्हणजे रसायन, भूगर्भ व वनस्पति, अभ्यासिले होते. एकाच शाळेंत शिकलेलीं दोन माणसें. पण परदेशच्या शिक्षणानें चिंतामणरावांच्या मनांतून आपला मुलुख पुसला गेला नव्हता. वीस वर्षांच्या ज्या चाकरीबद्दल कांहींनीं त्यांस नांवें ठेविलीं होतीं, त्या चाकरीचा हिशेब त्यांनीं त्या दिवशीं चुकता केला, असें आम्ही समजतों.

मंत्रिपद सोडलेल्या माणसानें पुढें काय करावें? चिंतामणराव विद्यार्थ्यांकडे वळले. १९५६ ते १९६१ ते विश्वविद्यालय अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. १९५९ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विश्वविद्यालयाचे कुलगुरु होते. त्या विश्वविद्यालयानें १९६२ सालीं टपालानें शिक्षण देणारी शाळा उघडली, आणि अशा तऱ्हेनें पदवीपर्यंत नेणारी ती देशांतली पहिली. ज्यास घर सोडतां येत नाहीं, नोकरी सोडतां येत नाहीं, ज्या मुलीस बाप शहरांत ठेवण्यास तयार नाहीं, त्या सर्वांकडे विश्वविद्यालय पाकिटांतून जाऊं लागलें. परीक्षेसाठीं स्वतः लंडन गांठावें लागलेल्या कुलगुरूच्या अमदानींत हें व्हावें, याचें आम्हांस समाधान वाटतें.

मुलींची गोष्ट निघाली म्हणून दुर्गाबाईंविषयीं दोन शब्द. १९५३ सालीं चिंतामणरावांनीं नियोजन मंडळांतील आपल्या सहकारी दुर्गाबाई यांच्याशीं विवाह केला. बाई आंध्रांतील, राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षीं लग्न झालेलें; तें बंधन नाकारून त्या सत्याग्रहांत तुरुंगांत गेल्या, आणि मोठेपणीं शिकूं लागल्या. आंध्र विश्वविद्यालयांत प्रवेश मागितला तेव्हां मुलींसाठीं वसतिगृह नाहीं, असें कारण त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, आपल्यासारख्याच अडलेल्या मुली जमविल्या, आणि वसतिगृह उभें करून प्रवेश मिळविला. वाचकहो, विद्वत्ता नव्हे, गुण नव्हेत, फी सुद्धां नव्हे. एक खोली नाहीं म्हणून मुलीचें शिक्षण अडतें! आजही आमच्याकडे येणाऱ्या आयांचा पहिला प्रश्न महाविद्यालय कसें आहे हा नसतो. मुलगी राहील कोठें, हा असतो.

आतां मघां सोडलेला मुद्दा. चिंतामणरावांच्या काळाच्या मानानें आज पुष्कळ सोय झाली आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परीक्षा आपल्याच देशांत होतात. महाडांत महाविद्यालय आहे. शेजारच्या माणगांव तालुक्यांत, लोणेरे येथें, बाबासाहेबांच्या नांवाचें तंत्रशास्त्राचें विश्वविद्यालय आहे, आणि आतां परमुलुखांतलीं मुलें तेथें आपल्याकडे शिकण्यास येतात. बँका शिक्षणासाठीं कर्ज देतात. परंतु साडेसात लाखांच्या वर रक्कम गेली कीं बँक बहुधा तारण मागते, आणि ज्याच्या नांवावर तारण देण्यासारखें कांहींच नाहीं त्याची वाट तेथें संपते. म्हणजे दरवाजा पूर्वींसारखाच सर्वांस खुला आहे. फक्त आतां तो समुद्रापलीकडे नसून सात-बाराच्या उताऱ्यापलीकडे आहे.

म्हणून महाड व पोलादपूर येथील व्यापारी बंधूंस आमची सूचना अशी. देवळांच्या जीर्णोद्धारास आपण देतां, सप्ताहास देतां, द्यावें. पण दर दुकानामागें वर्षास कांहीं ठराविक रक्कम काढून एक निधि करा. त्यांतून दर वर्षीं निदान दोन मुलांस, त्यांतील एक मुलगी, बाहेरच्या महाविद्यालयाचा राहण्या-जेवण्याचा खर्च द्या. जात विचारूं नका. गुण व गरज विचारा. आणि लोणेऱ्यास व महाडास जीं परगांवचीं मुलें येतात, त्यांस भाड्यानें खोली देतांनाही हाच नियम पाळा. निधीची घटना, हिशेबाची पद्धति व नोंदणीचे कागद करून देण्याचें काम आम्ही विनामूल्य करूं. मुलगा शिकून परत येईलच अशी अट मात्र घालूं नये. तसल्या करारनाम्यानें माणूस बांधला जात नाहीं. आणि ज्यास यावयाचें असतें तो अटीवांचून येतो.

१९६९ सालीं राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत चिंतामणराव उभे राहिले व पडले. गिरी निवडून आले. तें प्रकरण त्यांच्या इतर आयुष्याशीं फारसें जुळत नाहीं, असें आमचें मत आहे. १९७५ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. ज्या संस्कृतानें त्यांस पहिली शिष्यवृत्ति दिली तें त्यांनीं बँकेंत व मंत्रालयांतही सोडलें नव्हतें. गांधीजींचीं वचनें त्यांनीं संस्कृत श्लोकांत उतरविलीं, स्वतःचीं संस्कृत काव्यें प्रसिद्ध केलीं, आणि कालिदासाच्या मेघदूताचें मराठी पद्यांत भाषांतर केलें. घरापासून दूर टाकलेल्या यक्षाची ती कथा. ती मराठींत आणावीशी त्यांस कां वाटली, हें केंब्रिजच्या ओस पडलेल्या महाविद्यालयांत काढलेल्या वर्षांनीं बहुधा सांगितलें असतें. दुर्गाबाई १९८१ सालीं वारल्या. त्यानंतर दीड वर्षाच्या आंत, २ ऑक्टोबर १९८२ रोजीं, नाते गांवापासून दूर हैदराबादेस चिंतामणरावांचा अंत झाला.